एका पंक्तीचें बोर्डिंग

दसरा झाला कीं बीड-नगरकडचे कोयते उसाच्या फडाकडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत भांडींकुंडीं, त्यांवर बसलेलीं पोरें, आणि एखाद्या पोराच्या मांडीवर शाळेचें दप्तर! फडावर पोंचल्यावर हें दप्तर फारसें उघडत नाहीं. तेथें पोर वाढें बांधतें, धाकटें भावंड सांभाळतें, कोपी राखतें. आणि पट्टा पडल्यावर गांवीं येतें तेव्हां बरोबरीचीं मुलें पुढें गेलेलीं असतात. याला आईबापांची बेपर्वाई म्हणणारे शहाणे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांस एकच विचारतों: मुकादमाची उचल घेतलेल्या बापानें सहा महिने आपलें पोर कोणाच्या दारांत ठेवावें?

या प्रश्नाचें उत्तर नवें नाहीं. तें आपल्याच मातींत शंभर वर्षांपूर्वी दिलें गेलें आहे. खेड्यांतील मुलाला नुसती शाळा पुरत नाहीं. त्याला शाळेजवळ अंथरूण आणि भाकरी पाहिजे, हें राजर्षि शाहू महाराजांनीं ओळखलें आणि १९०१ सालापासून कोल्हापुरांत एकामागून एक वसतिगृहें उभीं केलीं. त्याच कोल्हापुरांत शिकावयास आलेले भाऊराव पाटील अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले, आणि परत आल्यावर अंघोळ करण्यास त्यांनीं साफ नकार दिला. त्यापायीं त्यांना स्वतःचें राहतें वसतिगृह सोडावें लागलें. एका विद्यार्थ्याला जेथून बाहेर पडावें लागलें, तेथूनच एक मोठी गोष्ट सुरू झाली असें आम्ही समजतों.

पुढें भाऊराव किर्लोस्करांचे नांगर विकत गांवोगांव हिंडले. नांगर विकतां विकतां त्यांनीं शेतकऱ्याचें घर आंतून पाहिलें. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ सालीं ती साताऱ्यास आणून तेथें बोर्डिंग सुरू केलें. २५ फेब्रुवारी १९२७ रोजीं महात्मा गांधींच्या हस्तें या बोर्डिंगास श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस असें नांव मिळालें.

आतां तेथला दिवस कसा जाई तें पाहा. पहांटे उठावयाचें, प्रार्थना करावयाची आणि कामाला लागावयाचें. दळण, पाणी, झाडलोट, स्वयंपाक, भांडीं, सर्व मुलांनींच करावयाचें. मग शाळा, शाळा सुटल्यावर पुन्हा शेत, नाहींतर दगडमाती, आणि रात्रीं दिव्यापाशीं अभ्यास. मराठ्याचें पोर, महाराचें पोर, मांगाचें, जैनाचें, मुसलमानाचें, सगळीं एकाच चुलीवरची भाकरी एकाच पंक्तीस बसून खात. महाराच्या पोरानें भरलेलें पाणी पाटलाचें पोर पीत होतें, आणि पाटलाच्या पोराचा हात खरकट्या भांड्यांना लागत होता! समतेचीं शंभर व्याख्यानें जें करीत नाहींत, तें त्या एका चुलीनें केलें.

पैसा कोठून आला? कोणा सावकारानें थैली मोकळी केली नव्हती. ज्या बापाकडे जोंधळा होता त्यानें जोंधळा दिला. ज्याच्याकडे तोही नव्हता त्याचें पोर आपल्या श्रमावर राहिलें. बायाबापड्यांनीं दळणाकांडणाच्या वेळीं मूठभर धान्य बाजूस काढलें, तोच मुष्टिफंड. आणि एके दिवशीं भाऊराव बाहेरगांवीं असतां बोर्डिंगांत दाणा उरला नाहीं, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीं गळ्यांतलें मंगळसूत्र काढून दिलें आणि मुलांच्या मुखीं घांस घातला. बाकीचे दागिने त्यापूर्वींच गेले होते. ही माउली १९३० सालीं वारली. तिचें नांव ज्यांच्या घरीं ठाऊक नाहीं, त्यांनीं तें आज रात्रीं आपल्या लेकीबाळींस सांगावें.

त्या मुठीचें पीक काय आलें? १९३५ सालीं शिक्षक तयार करणारें विद्यालय, १९४० सालीं महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज. याच बोर्डिंगांत वाढलेले पी. जी. पाटील पुढें बॅरिस्टर झाले व शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरुही झाले. १९५९ सालीं भाऊराव गेले, पण त्यांनीं लावलेल्या वडाच्या पारंब्या गांवोगांव रुजल्या आहेत.

कोणी म्हणेल, मुलांकडून काम करवून घेणें हा जुलूमच नव्हे काय? आम्ही म्हणतों, काम कोणाचें आणि कोणासाठीं, हें आधीं पाहा. मुकादमाची उचल फेडण्यासाठीं शाळा बुडवून वाढें बांधणें हा जुलूम खराच. पण आपल्या पंक्तीसाठीं सर्वांनीं आळीपाळीनें पाणी भरावें आणि घंटा होतांच वर्गांत बसावें, हा जुलूम नव्हे. मात्र एकानें भांडीं घासावींत आणि दुसऱ्यानें नुसतें जेवावें, असें ज्या वसतिगृहांत होईल, त्याला भाऊरावांचें नांव घेण्याचा अधिकार नाहीं.

आज ऊसतोड्यांच्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहांची सरकारी सोय आहे. ती कागदावरून चुलीवर आली पाहिजे. म्हणून आमचें सांगणें थोडकें आहे. ट्रॉल्या गांवाबाहेर पडण्यापूर्वीं वसतिगृहाची चूल पेटली पाहिजे. दिवाळीनंतर पेटलेली चूल कोणाच्या कामाची? त्याचा जमाखर्च ग्रामसभेंत मोठ्यानें वाचला जावा. गांवांत राहणाऱ्या घरांनीं पायलीभर धान्य आणि आठवड्यांतून एक फेरी एवढें तरी द्यावें. आणि पहिली जागा मुलीस द्यावी. कारण फडावर वयांत आलेली लेक सांभाळावी कशी या धास्तीनें तिचें लग्न लवकर उरकलें जातें, आणि दप्तराबरोबर तिचा जन्मही मिटतो.

बंधुभगिनींनो, लग्नाच्या मांडवांत आपण कर्ज काढून पंक्ती उठवितों. त्यांतली एक पंक्त, फक्त एक, या पोरांच्या नांवानें बसवा. लक्ष्मीबाईंनीं मंगळसूत्र दिलें. आपल्याकडे मागणें आहे तें केवळ मुठीचें. तीही मूठ ज्याच्यानें सुटणार नाहीं, त्यानें पुन्हा कधीं आपली जात मागें कां राहिली म्हणून कपाळाला हात लावूं नये.