क्लीव्हरची ३६ हजार मतं

१९७२ साली मुंबईतल्या पोरांनी पँथर हे नाव ज्यांच्याकडून घेतलं, त्यांच्यातला एक १९६८ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभा होता. एल्ड्रिज क्लीव्हर. तुरुंगात लिहिता झालेला. पक्ष पीस अँड फ्रीडम, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उठलेल्या, बहुतेक गोऱ्याच पोरांचा. वय ३३, घटना म्हणते ३५ पाहिजे. कॅलिफोर्नियाने त्याचं नाव मतपत्रिकेवर येऊच दिलं नाही.

नियम आहे, ठीक. पण त्याच साली जॉर्ज वॉलेसही तिसऱ्याच पक्षातून उभा. काळ्यांना वेगळं ठेवा म्हणणारा अलाबामाचा हा माजी गव्हर्नर ५० च्या ५० राज्यांत मतपत्रिकेवर! ५ राज्यं जिंकली, मतं सुमारे ९९ लाख. क्लीव्हरला जेमतेम ३६ हजार.

अरे, पण व्हाइट हाउस पाहिजे होतं कुणाला? ह्युई न्यूटन तुरुंगात होता. १७ वर्षांचा बॉबी हटन एप्रिलात पोलिसांच्या गोळ्यांनी गेला होता. हे गावोगाव ओरडून सांगायला माइक पाहिजे होता. गोऱ्यांशी युती केली ती त्यासाठी. आपल्याकडे युती म्हणजे एक जागा, एक हार आणि मागच्या रांगेतली खुर्ची.

पुढचंही लपवायचं कारण नाही. नोव्हेंबरात क्लीव्हर परागंदा झाला, क्युबा, मग अल्जीरिया. १९७५ साली परतला. १९८६ साली सिनेटच्या उमेदवारीसाठी उतरला तो रिपब्लिकन पक्षात. निक्सनच्या पक्षात! तेव्हा त्याची तसबीर भिंतीवर नको.

वस्तीत 'तिसरा' उमेदवार आला, तर किती मतं खाणार हे नंतर विचारा. आपली जी पोरं आत आहेत, त्यांची नावं भाषणात घेणार का, ते आधी विचारा.