विजेचा माड आणि पाण्याचा रांजण

माझी नात झ्युरिकला असते, आठवीत आहे. तिला शाळेत एक प्रकल्प दिलाय : घरातल्या मोठ्या माणसांना त्यांची आवडती पाच शहरं विचारायची आणि ती सुंदर का वाटतात ते लिहून आणायचं. मागच्या रविवारी फोनवर तिने फर्मान काढलं, "आजी, पाच नावं सांग. आणि कारण पण सांग, नुसतं 'छान आहे' चालणार नाही." चौतीस वर्षं मी पोरांच्या निबंधांवर हाच शेरा मारत आले, तो असा फिरून माझ्यावर आला. असो.

खरं तर हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो 1973 साली. यवतमाळला साहित्य संमेलन भरलं होतं, गदिमा अध्यक्ष होते. मी नुकतीच बी. ए. होऊन नोकरीला लागले होते. पाहुण्यांना उतरण्याच्या जागी पोचवण्याच्या कामात आम्हा तरुण शिक्षकांनाही धरलं होतं. कोकणातल्या एक बाई मला म्हणाल्या, "तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे हो?" मी गप्प. समुद्र नाही, किल्ला नाही, राजवाडा नाही. शेवटी मी शकुंतला दाखवते म्हटलं, मूर्तिजापूरहून येणारी आमची छोटी गाडी. त्या हसल्या. आता तर तीही बंद झाली.

तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय, पण थोडं भांडूनच सांगावं लागेल.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमचे हे बँकेत गेले होते. वय 78. बँकेत लिंक नव्हती (हा शब्द आता मराठीच समजा), म्हणून तासभर बसून परत निघाले. जेमतेम अर्धा किलोमीटरचा रस्ता. मी नोकरीला लागले तेव्हा त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कडुलिंब होते. त्यातल्या एका झाडाखाली पाणपोई असायची. तीन रांजण, वर ओलं पोतं, आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने ओंजळीत पाणी घालणारी एक म्हातारी. शाळा सुटली की पोरं आधी तिथे धावत. रस्ता रुंद झाला तेव्हा झाडं गेली आणि झाडांबरोबर पाणपोईही गेली. मग सुशोभीकरण आलं. मधल्या दुभाजकावर विजेचे माड उभे राहिले. हो, माड! कापसाच्या मुलखात, समुद्रापासून शेकडो मैलांवर, लोखंडी खोडाचे आणि हिरव्या दिव्यांच्या झावळ्यांचे माड. रात्री लखलखतात. दुपारी त्यांची सावली काठीएवढी पडते.

हे त्याच माडाशी कोसळले. बसायला कट्टा नाही, टेकायला झाड नाही, दुकानांची शटरं बंद. एका ऑटोवाल्या पोराने त्यांना उचललं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं आणि दवाखान्यात आणलं. दोन दिवस सलाइन लागलं. देवाच्या दयेने बरे झाले, पण त्या दिवसापासून एकटे बाहेर पडत नाहीत. रोज चार मैल चालणारा माणूस आता अंगणात फेऱ्या मारतो.

म्हणून "शहर सुंदर करू या" असं कोणी म्हटलं की मला धडकीच भरते. आता काय तोडणार?

सुंदर म्हणजे फोटोत चांगलं दिसणारं, हे आपल्या डोक्यात कोणी भरवलं कोण जाणे. फोटो घेणारा दोन मिनिटं उभा राहून निघून जातो. गावात राहणारा मात्र तिथे पायी चालतो, दमतो, त्याला तहान लागते, लघवीला जावं लागतं (बायकांनी हे किती काळ सहन केलंय ते विचारूच नका). अनोळखी, दमलेल्या, खिशात पैसे नसलेल्या माणसाला शहर कसं वागवतं, तेवढंच मी बघते. जिथे त्याला फुकट पाणी, सावली आणि टेकायला जागा मिळते ते शहर मला देखणं वाटतं. बाकीचं सगळं नंतर.

"हा म्हातारपणाचा हट्ट आहे, जगातली खरी सुंदर शहरं बघा," असं म्हणाल, तर चला, पॅरिसपासूनच सुरुवात करू. मी पॅरिसला गेलेले नाही, पण वाचलंय पुष्कळ. 1853 पासून पुढे सतरा वर्षं ओस्मान नावाच्या अधिकाऱ्याने ते शहर उभं-आडवं चिरलं. गरिबांच्या वस्त्याच्या वस्त्या पाडल्या, त्याबद्दल त्याला शिव्याही बसल्या आणि त्या योग्यच होत्या. पण रुंद रस्ते करताना त्याने कडेने झाडांच्या रांगा लावल्या आणि बाकं ठेवली. रस्ता रुंद करायचा म्हणजे सावली काढून टाकायची, असं त्या माणसालाही वाटलं नाही!

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. 1870-71 च्या युद्धात पॅरिसला वेढा पडला, पाणीपुरवठ्याची वाताहत झाली, गरिबाला चांगलं पाणी महाग झालं. तेव्हा तिथे राहणाऱ्या रिचर्ड वॉलेस या इंग्रज धनिकाने स्वखर्चाने पिण्याच्या पाण्याची कारंजी दिली. 1872 पासून ती रस्त्यांवर उभी राहिली. गडद हिरवी, ओतीव लोखंडाची, चार बायकांनी डोक्यावर घुमट पेललेला आणि मधून पाण्याची धार. सुरुवातीला त्यांना साखळीने बांधलेले पेले होते. 1952 मध्ये आरोग्याच्या कारणाने ते काढले. म्हणजे आमची पाणपोईच की ही! फरक एवढाच, की त्यांनी ती जपली आणि आज जगभरचे प्रवासी तिचे फोटो काढतात. आम्ही आमची मोडली आणि माड लावले.

आणि लांब तरी कशाला जायचं? मुंबईत फ्लोरा फाउंटन सगळ्यांना माहीत आहे. 1864 चं, देखणं, पण तहान भागवणारं नव्हे. मशिद बंदराकडच्या गर्दीत केशवजी नाईकांनी बांधलेली 1876 ची प्याऊ आहे, तिचं नाव किती जणांना ठाऊक आहे? माणसांबरोबर बैलांना-घोड्यांनाही पाणी मिळावं असा विचार त्या वेळी मुंबईत पाणी देणाऱ्यांनी केला होता. मला विचाराल तर नातीच्या यादीत मुंबई घालायची ती मरीन ड्राइव्हच्या दिव्यांसाठी नाही, या प्याऊंसाठी.

पुण्याचंही तसंच. पुण्याला गेलं की नातेवाईक शनिवारवाडा दाखवतात. मला ते हौद बघायचे असतात, ज्यांत पेशव्यांच्या काळी कात्रजहून नळाने पाणी यायचं. केवढी अक्कल आणि केवढी कारागिरी! पण तेवढ्यावर मी पुण्याला पूर्ण मार्क देणार नाही. कारण गावात पाणी येतं म्हणजे ते सगळ्यांना मिळतं, असं कुठे होतं? 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो हौद शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापेक्षा शंभरपट देखणा आहे, असं मी वर्गात सांगायचे. पोरं हसायची. मग मी त्यांना महाडला न्यायची (म्हणजे फळ्यावरच, सहलीला पैसे कुठले!). चवदार तळं, 20 मार्च 1927. बाबासाहेब ओंजळभर पाणी प्यायले. तळं दिसायला कालच्यासारखंच होतं, पण आता ते गावाचं व्हायला लागलं. त्यानंतर वर्गात कोणी हसत नसे.

आता झ्युरिक. 2014 मध्ये लेकीकडे तीन महिने राहून आले. तळं आहे, लांब बर्फाचे डोंगर आहेत, सगळं कॅलेंडरसारखं. चार दिवसांत डोळ्यांना सवय होते. सवय झाली नाही ती तिथल्या कारंज्यांची. बाराशेच्या वर आहेत, आणि जवळजवळ सगळ्यांचं पाणी पिता येतं. त्यातल्या कित्येकांना झऱ्यांचं वेगळं पाणी येतं, मुख्य पुरवठा बिघडला तरी शहर तहानलेलं राहू नये म्हणून. मी लुगड्याचा पदर खोचून ओंजळीने पाणी प्यायले तेव्हा लेक लाजली, पण शेजारी एक सूटबूटवाला तसाच वाकून पीत होता.

"त्यांच्याकडे पाणी भरपूर, आपण कोरडे" हे ऐकून माझे कान किटलेत. झ्युरिकचं जाऊ द्या, पण पॅरिसला वर्षात पडतो त्यापेक्षा जास्त पाऊस आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पडतो. आमचा चार महिन्यांत कोसळून वाहून जातो, ही अडचण खरी आहे. पण मग साठवणं, झाडं राखणं, रांजण भरणं हेच आपलं सुशोभीकरण नको का? 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा, चापडोह आटले आणि शहराला कित्येक दिवस नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की भांडणं व्हायची. त्या दिवसांत एका चौकातलं कारंजं कोरडं ठक्क पडलं होतं, पण त्याचे रंगीत दिवे मात्र रोज संध्याकाळी नेमाने लागायचे. मी ते रोज बघत होते आणि तेव्हा काही बोलले नाही, हा माझाही दोषच.

माझ्या भाचीचं म्हणणं, "मावशी, दिवे लागले म्हणून आम्ही बायका रात्री नऊला निर्धास्त फिरतो." तिचं बरोबर आहे. रस्त्यावरचे दिवे हवेतच, दहा जास्त लावा. माझं भांडण विजेशी नाही, विजेच्या झाडाशी आहे. खांबावर दिवा आणि खाली कडुलिंब, असं एकत्र राहता येत नाही का? दुभाजकावरच्या एका माडाच्या पैशात किती रांजण येतील याचा हिशेब मी एकदा मागायला गेले होते. "बाई, तुम्ही घरी आराम करा," असं उत्तर मिळालं. चहा मात्र चांगला दिला.

तर नातीला मी पाच नावं पाठवली : झ्युरिक, पॅरिस (न बघता), मुंबई, पुणे आणि महाड. महाड शहर नाही, असं तिची बाई म्हणेल, म्हणू दे. नातीचा लगेच उलट प्रश्न आला, "आजी, यात यवतमाळ कुठे आहे?"

तिला अजून उत्तर लिहिलेलं नाही. या मार्चपासून फाटकाबाहेर दोन रांजण मांडलेत. सकाळी मी भरते, दुपारी हे. बाहेर पडत नाहीत, पण फाटकापर्यंत येतात, खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. शेजारी कडुलिंबाचं रोप लावलंय, गुडघ्याएवढं झालंय. सध्या सावली जुन्या चादरीची. ओगराळं दोनदा चोरीला गेलं. तिसरं परवा साखळीने बांधलं.