आधी पट्टा बघा, हॉर्सपॉवर नंतर!

विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात बंदुकीने हरणं मारायचे नऊ दिवस आले की ऑफिस अर्धं रिकामं. मी पडलो वरणभातवाला, शिकारीला जात नाही. पण गेल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या रानात लाकडं ओढायला गेलो आणि त्याची एटीव्ही (जाड चाकांची, मोटारसायकलसारख्या हँडलची गाडी) ओढ्यात अडकली. पट्ट्याच्या डब्यात पाणी शिरलं, पट्टा घसरायला लागला. इंजिन ओरडतंय, चाकं ढिम्म! अंधारात दोन मैल चालत आलो राव.

आता तो नवी घेतोय आणि पुन्हा हॉर्सपॉवरच विचारतोय! माझं मत सरळ आहे. हरीण काय, लाकडं काय, हळू चालून ओझं ओढायचंय. होंडाच्या रँचरमध्ये पट्टा नाही, गिअर आणि शाफ्ट आहेत. म्हणजे भिजून घसरणारी एक गोष्ट कमी. पट्टेवाली चालवायला सोपी, मान्य. पण मग जास्तीचा पट्टा जवळ ठेवा, बदलायला शिका. आणि सुटे भाग देणारा डीलर किती लांब आहे, ते आधी बघा. सर्व्हर निवडताना आपण हेच करतो ना?

सगळं ऐकून पठ्ठ्या म्हणाला, "लाल रंगात मिळते का?"

असो.