दरपत्रकातली प्रायमरची ओळ

गणपतींचे विसर्जन झाले की आपल्या धंद्याचा खरा हंगाम सुरू होतो. दसऱ्याच्या आत हॉल आणि दिवाळीच्या आत अख्खे घर रंगवून हवे, असे जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक म्हणते. सणाला घर उजळावे ही त्याची इच्छा रास्तच आहे. पण नेमक्या याच आठवड्यांत मुंबई, ठाणे, कोकण आणि घाटमाथ्यावरच्या भिंतींनी चार महिन्यांचा पाऊस पोटात साठवलेला असतो. पश्चिमेची भिंत दिसायला कोरडी दिसते, पण तळहात टेकवला तर गार लागते. तिच्यावर घाईने प्रायमर ओढला जातो आणि होळीच्या सुमारास पोपडे सुटले की रंगाच्या कंपनीला दोष दिला जातो.

आपल्यातल्या बहुतेकांच्या दरपत्रकात या कामासाठी एवढेच लिहिलेले असते: ‘प्रायमर, एक हात’. तो पाण्याचा की टर्पेंटाइनचा, पुट्टीच्या खाली की वर, त्यात पाणी किती, यातले काहीच नसते. रंगाची छटा, कंपनी, चकाकी यांवर गिऱ्हाइकाशी तासभर चर्चा होते आणि ज्या थरावर ते सगळे उभे राहणार तो दुकानात जे हाताला लागेल त्यावर ठरतो. ही सवय मोडायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नव्या गिलाव्यापासून सुरुवात करू. ताज्या सिमेंट गिलाव्याचा पीएच १२ ते १३ इतका असतो. सिमेंट घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते आणि ओल असेपर्यंत ते जागे असते. टर्पेंटाइनच्या प्रायमरमध्ये तेलापासून बनवलेले अल्किड रेझिन असते. अल्कली आणि तेल ओलीत एकत्र आले की साबण तयार होतो. साबणाच्या कारखान्यात चालते तीच ही रासायनिक क्रिया. म्हणून असा प्रायमर काही महिन्यांत मऊ पडतो, चिकट होतो आणि वरचा रंग सोबत घेऊन सुटतो. ‘ऑइल प्रायमर म्हणजे मजबूत’ हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जुन्या, पूर्ण सुकलेल्या भिंतीवर त्यात तथ्यही आहे. नव्या भिंतीवर मात्र अल्कली सोसणारा, पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक प्रायमरच योग्य. त्याचा थर वाफ बाहेर जाऊ देतो, त्यामुळे आत उरलेली थोडीफार ओल निघून जायला वाट राहते.

साइटवर २८ दिवसांचा नेम सर्रास सांगितला जातो. हा आकडा मुळात काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचा. गिलावा सुकला का, याचे उत्तर त्यात नाही. ते गिलाव्याच्या जाडीवर, खोलीतल्या हवेवर आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूला काय आहे त्यावर अवलंबून असते. उन्हाळ्यात सोलापुरात आतला १२ मिलिमीटरचा गिलावा महिन्याभरात सुकेल. रत्नागिरीत जुलैमध्ये केलेला बाहेरचा २० मिलिमीटरचा गिलावा दिवाळीलाही ओला सापडेल. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा भिंत तपासावी. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरले असेल किंवा खालचा गिलावा काळपट झाला असेल तर थांबा. पीएचचा कागद औषधांच्या किंवा प्रयोगशाळेच्या दुकानात स्वस्तात मिळतो. डिस्टिल्ड पाण्याने भिंतीचा छोटा तुकडा भिजवून तो मिनिटभर दाबून धरा. आकडा १० च्या वर गेला तर टर्पेंटाइनचा डबा उघडू नका.

पुट्टीच्या क्रमाचा गोंधळ याहून मोठा आहे. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीला घट्ट होण्यासाठी पाणी लागते आणि उघडा, खरखरीत गिलावा पकडायला लागतो. तिच्याखाली तेलाचा प्रायमर मारणे म्हणजे तिची पकड आपणच तोडणे. तिथे गिलावा झाडून, पाण्याने ओला करून थेट पुट्टी भरावी आणि पॉलिश पेपरने घासून, धूळ पुसून मग प्रायमर मारावा. डब्यात तयार मिळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक पुट्टीचे उलट आहे. तिच्याखाली प्रायमर हवा, नाहीतर कोरडा गिलावा तिच्यातले पाणी आणि बाइंडर शोषून घेतो. दोन्ही प्रकारांत पुट्टीच्या वर प्रायमर लागतोच. तो वाचवून थेट इमल्शन मारणाऱ्यांना भिंतीवर कुठे चकचकीत, कुठे फिकट असे पट्टे दिसतात आणि तिसरा हात मारावा लागतो. महाग इमल्शनच्या त्या जादा हातात प्रायमरची बचत कधीच वाहून जाते.

जिप्सम गिलावा आता मोठ्या शहरांतल्या बहुतेक नव्या इमारतींत दिसतो. त्याचा पीएच उदासीनाच्या जवळ असल्याने साबणाचा धोका नाही, पण तो मऊ आणि अतिशय शोषक असतो. घासल्यावरची भुकटी नीट झटकली नाही तर प्रायमर भिंतीला न चिकटता भुकटीलाच चिकटतो.

जुन्या घरांत प्रश्न वेगळे. पुण्यातला वाडा असो की गिरणगावातली चाळ, चुन्याचे थरावर थर असतात. काळे फडके घासून पाहा. पांढरे झाले तर तो थर खरवडल्याशिवाय कोणताही प्रायमर टिकणार नाही. ऑइलपेंटच्या पट्ट्यावर पाण्याचा प्रायमर घसरतो. तो पट्टा आधी घासून त्याची चकाकी मारावी लागते. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची सक्तीची मर्यादा आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, म्हणून त्याआधीचा रंग कोरडा घासू नका. पाणी मारून घासा, तोंडाला मास्क लावा आणि घरातली मुले त्या खोलीपासून दूर ठेवा. छतावरचा गळतीचा पिवळा डाग पाण्याच्या प्रायमरमध्ये विरघळून पुन्हा वर येतो. तिथे गळती बंद झाल्यावर, पूर्ण सुकलेल्या भागावर टर्पेंटाइनचा किंवा डाग अडवणारा खास प्रायमर हवा. स्वयंपाकघरातली फोडणीची तेलकट काजळी सोड्याच्या पाण्याने धुवून मगच काम सुरू करावे.

लोणा लागलेल्या भिंतीला मात्र कोणताच प्रायमर पुरे पडत नाही. जोत्यातून वर चढणारी ओल, फुटलेला पाइप, गच्चीचा उतार यांवर आधी उपाय व्हायला हवा. तसे न करता वर घट्ट थर दिला तर क्षार त्याच्यामागे साठतात आणि गिलाव्याचा तुकडाच ढकलून काढतात. गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगणे अवघड असते. काम हातचे जाईल अशी भीती वाटते. पण सहा महिन्यांनी त्याच भिंतीपुढे उभे राहून मान खाली घालण्यापेक्षा ते सोपे आहे.

आणखी एक गोष्ट कामगारांच्या बाजूने. पाणी किती घालायचे ते डब्यावर लिहिलेले असते. ते इंग्रजी बारीक अक्षर पेंटरला वाचून दाखवणे आणि मापाचे भांडे साइटवर देणे ही ठेकेदाराची जबाबदारी आहे. चौरस फुटाचा दर इतका ओढायचा की पेंटरला प्रायमर पातळ केल्याशिवाय परवडू नये आणि मग त्यालाच बोल लावायचा, हे अन्यायाचे आहे. डब्यातल्या टोकनवरून प्रायमर ठरवणेही थांबले पाहिजे.

या हंगामापासून प्रत्येक दरपत्रकात प्रायमरसाठी स्वतंत्र ओळ ठेवा, अशी सर्व ठेकेदारांना आमची विनंती आहे. त्यात प्रायमरचा प्रकार, पुट्टीच्या आधी की नंतर, किती हात, पाण्याचे प्रमाण आणि भिंत तपासल्याची तारीख लिहा. भिंत ओली सापडली तर तेही लिहा आणि त्या खोलीसाठी दिवाळीनंतरची तारीख द्या.