हात न चालवितां मोडी?

मोडी लिपि स्वाध्याय-पुस्तिकेवरून घरबसल्या शिकूं इच्छिणारांना हल्लीं एक सोयीचा उपदेश मिळतो : वाचतां आलें म्हणजे पुरे; लिहून काय करावयाचें? हा उपदेश मुळांतच चुकीचा आहे. मोडी ही धांवत्या हाताची लिपि. आधीं ओळभर रेघ ओढावयाची, मग बोरू शक्य तों न उचलतां अक्षरें गुंफीत जावयाचें. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं. ज्याच्या बोटांना हें वळण ठाऊक नाहीं, त्याच्या डोळ्यांना तें उलगडावें कसें? चिनी लिपीचा विद्यार्थीदेखील प्रत्येक चिन्हांतील रेघांचा क्रम गिरवूनच घोटतो. म्हणूनच घाईनें लिहिलेलें चिन्ह त्याला ओळखतां येतें.

१९५० च्या सुमारास शाळांतून मोडी गेली आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत, घाटावर काय नि घाटाखालीं काय, जुन्या देशमुख-देशपांड्यांच्या घरचे रुमाल मुके झाले. वतनाचा, वांटणीचा कागद घरचा. वाचणारा मात्र परका! हें परावलंबन छापील तक्ता पाठ करून सुटणार नाहीं; तक्त्यांतलें सुटें अक्षर जुन्या कागदावर क्वचितच भेटतें. पुस्तिका अवश्य घ्यावी. परंतु तिच्यांतील कोऱ्या ओळी कोऱ्या ठेवूं नयेत.