टेपर येतो, आळ टर्नरवर

वागळे इस्टेट काय किंवा डोंबिवली एमआयडीसी काय, जॉबवर्कच्या गाळ्यात हा प्रसंग ठरलेला. दोन सेंटरमध्ये धरून मारलेला अर्धा मीटरचा शाफ्ट लेथवरून उतरतो. मायक्रोमीटर हेडस्टॉकच्या टोकाला 25.01 मिमी दाखवतो आणि टेलस्टॉकच्या टोकाला 24.91. मालकाचे वाक्यही ठरलेले: ‘‘कट नीट मारता येत नाही का?’’ मग टर्नर निमूटपणे कानस आणि पॉलिश पेपर हातात घेतो व जाड बाजू घासू लागतो. घासून टेपर थोडा लपतो, पण शाफ्टची गोलाई बिघडते. ज्या मशीनमुळे हे झाले ते पुढच्या जॉबला तसेच हजर असते.

यात टर्नरच्या हाताचा दोष बहुतेक वेळा नसतो. टूल बेडला समांतर चालते. टेलस्टॉकचे सेंटर केसाच्या जाडीइतके, म्हणजे जेमतेम 0.05 मिमी, ऑपरेटरच्या बाजूला सरकलेले असले तरी त्या टोकाला त्रिज्येत 0.05 आणि व्यासात दुप्पट, म्हणजे 0.1 मिमी जास्त माल कापला जातो. बेअरिंगच्या बैठकीसाठी के-6 टॉलरन्स असेल तर 25 मिमी व्यासाला 25.002 ते 25.015 एवढीच मुभा मिळते. तेरा मायक्रॉनच्या त्या फटीत शंभर मायक्रॉनची चूक कुठून बसणार?

मुरलेला टर्नर यातूनही वाट काढतो. बेअरिंगची बैठक पंधरा-वीस मिलिमीटरची. तेवढ्यात टेपर तीन-चार मायक्रॉनच येतो, म्हणून तो दोन्ही टोकांच्या बैठका वेगवेगळ्या मापून मारतो. पंपाचा शाफ्ट असा निभावून जातो. डोंबिवलीच्या कापड प्रक्रिया कारखान्यातला लांब रोलर किंवा हायड्रॉलिक सिलिंडरचा रॉड मात्र निभावत नाही, कारण तिथे सगळी लांबीच कामाची असते.

टेलस्टॉक सरकतो कसा, याचे एक उत्तर शाळेतच आहे. आयटीआयच्या दोन वर्षांच्या टर्नर ट्रेडमध्ये टेपर मारण्याची एक पद्धत म्हणून टेलस्टॉक मुद्दाम बाजूला घ्यायला शिकवतात. गाळ्यातही लांब, कमी उताराचा टेपर हवा असला की तसेच करतात. काम झाल्यावर तो परत आणायचा असतो आणि तिथेच घोळ होतो. टेलस्टॉकच्या पाठीवर शून्याची खूण असते, ती जुळवली की सेटिंग झाले असे धरून चालतात. त्या खुणेची रेघच पकडायच्या चुकीपेक्षा जाड असते! त्यातून मशीन हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे किंवा एचएमटीचे, दोन पिढ्या राबलेले असेल, तर बेड जागोजागी कमी-जास्त झिजलेला. टेलस्टॉक फूटभर पुढे आणला तरी रेषा बदलते.

झिजीने टेलस्टॉक खालीही बसतो. टेपरच्या हिशेबात त्याने फारसे बिघडत नाही: 25 मिमीच्या शाफ्टवर 0.1 मिमीने सेंटर खाली गेले तरी व्यासातला फरक एका मायक्रॉनच्या आत राहतो. टेलस्टॉकमधून ड्रिल मारताना मात्र तो नडतो. नव्या लेथच्या चाचणीत टेलस्टॉक किंचित वर असलेला चालतो, खाली नाही, ते या झिजीचा विचार करूनच.

उपाय स्वस्त आहे. एक जाड बार दोन सेंटरमध्ये धरायचा, मधला भाग खोल मारून दोन्ही टोकांना कॉलर ठेवायचे आणि टूलची सेटिंग न हलवता दोन्ही कॉलरवर एकच हलका कट घ्यायचा. मायक्रोमीटरने फरक 0.06 आला तर टेलस्टॉक 0.03 हलवायचा, त्याचे टोक बारीक असेल तर टूलपासून दूर, जाड असेल तर जवळ. डायल इंडिकेटर टेलस्टॉकच्या बॅरलला लावून बाजूचा एक स्क्रू ढिला, दुसरा घट्ट. क्लॅम्प आवळताना काटा पुन्हा हलतो, म्हणून शेवटी आणखी एक कट. हे सगळे करूनही चकमध्ये एका टोकाला धरलेला आखूड जॉब टेपर येत असेल, तर टेलस्टॉकला सोडून हेडस्टॉक आणि बेडचा पीळ तपासावा. लेव्हल न करता फरशीवर ठेवलेल्या मशीनमध्ये तो पीळ हमखास येतो.

टेपर ही काही वाईट गोष्ट नाही. कल्याण-ठाणे धावणाऱ्या लोकलच्या चाकाची धाव मुद्दाम साधारण 20 ला 1 उताराची ठेवतात, म्हणून चाकजोडी रुळावर आपली आपण मध्यावर येते. न मागता आलेला टेपर तेवढा महागात पडतो.

एमआयडीसीची स्थापना 1962ची आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. तिथे आता काचेच्या आयटी इमारती उभ्या आहेत, पण मागच्या गल्ल्यांतले लेथ चालू आहेत आणि दर नगावर ठरतो. नगावर मजुरी घेणाऱ्याने सेटिंगसाठी अर्धा तास काढला तर तो त्याच्या खिशातून जातो. सरळ शाफ्ट मागणाऱ्या गिऱ्हाइकाने तो अर्धा तास कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून मान्य करावा आणि माल घेताना एकाच जागी माप न घेता दोन्ही टोकांची मापे चलनावर लिहून घ्यावीत. आयटीआयनेही प्रात्यक्षिकात टेलस्टॉक मुद्दाम हलवून ठेवलेले मशीन मुलांपुढे ठेवावे, दोष कुठे ते न सांगता शोधायला लावावे आणि गुण त्यालाच द्यावेत.