उतरायची वाट आधी चढून बघा!

मंडळी, वीकेण्ड आला की नाशिककरांची गाडी आपोआप त्र्यंबक रोडला लागते. टार्गेट ठरलेलं... हरिहर! कातळात कोरलेल्या त्या खड्या पायऱ्यांवरचा फोटो आता जवळपास प्रत्येक ग्रुपकडे असतो. पण पावसाळी रविवारी तिथे काय होतं? चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर समोरासमोर. मुंबई नाक्यावरचा जॅम परवडला! मग कुणीतरी आयडिया काढतं, ‘बॉस, दुसरीकडून उतरू या ना!’

जरा थांबा. हरिहरच्या माथ्यावरून उतरायला तुमच्या-आमच्यासाठी वाट एकच, पायऱ्यांची. तिथल्या उभ्या कड्यावरून १९८६ मध्ये डग स्कॉट चढून गेला होता. म्हणून त्याला ‘स्कॉटिश कडा’ म्हणतात. पण तो एव्हरेस्ट सर केलेला माणूस! आपला चॉइस सुरू होतो पायऱ्यांच्या खाली. निरगुडपाड्याकडे उतरायचं की हर्षेवाडीकडे, एवढाच.

रानातली तिसरी वाट हवीच असेल, तर आधी सह्याद्रीचा स्वभाव ओळखा. हा डोंगर लाव्हाच्या थरांचा. कठीण थराचा कडा होतो आणि दोन कड्यांच्या मध्ये सपाटीचा, झाडीचा पदर. पदरात फिरणाऱ्या ढोरवाटा छान मळलेल्या दिसतात. पण त्या गुरांना चाऱ्याकडे नेतात, तुम्हाला पार्किंगकडे नाही! खालच्या पदरात जायला एखादी सोंड किंवा नाळच लागते. ती हुकली की थेट कड्याच्या टोकावर.

म्हणून साधा फंडा: उतरायची वाट आधी चढून बघा. चढताना अडलात तर मागे फिरता येतं. उतरताना अडलात तर पायाखालचा कडा दिसत नाही, त्यात अंधार पडायला आलेला असतो. ही पाहणी पाऊस संपून कातळ सुकल्यावर करा, पावसाळ्यात त्याच नाळेतून पाणी कोसळत असतं. प्रत्येक फाट्यावर मागे वळून फोटो काढा. आणि पाड्यातल्या एखाद्या दादांना सोबत घ्या, त्यांच्या वेळेचे पैसे देऊन. मोबाइलचं नेटवर्क नाळेत दगा देतं, दादा देत नाहीत.

अजून एक. अंजनेरीवर असले प्रयोग नकोत. तिथल्या कंदीलपुष्पाची, सेरोपेजिया अंजनेरिकाची, नवी प्रजाती म्हणून जगाला ओळख झाली २००६ मध्ये. हे झाड मोजक्याच जागी उरलंय. त्याचा कंद जमिनीत झोपलेला असतो आणि कोंब पावसात वर येतो, म्हणजे नेमका आपल्या ट्रेकिंगच्या सीझनमध्ये. २०१७ पासून अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथे शॉर्टकट मारणारा एक बूट फार महाग पडू शकतो.

तेव्हा वाट माहीत नसेल, तर गुमान रांगेत उभे राहा. पायऱ्यांवर फार तर तासभर जाईल, चुकलेल्या ढोरवाटेवर अख्खी रात्र. सोमवारी ऑफिसला यायचंय ना?